शंभर दाण्यांचा रुपया

माझ्या लग्नात आप्पांनी आहेर म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. आत औषध नव्हतं, ज्वारीचे दाणे होते. बुचावर मेण ओतलेलं, आणि बाटलीच्या पोटावर चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलेलं : 'शंभर. रुपायाची. मॅडमच्या साक्षीनं.' माझ्या सासूबाईंनी ती बाटली उजेडात धरून नीट बघितली, मग मला नीट बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडं अशी पद्धत असती का?"

मी म्हटलं, "नाही हो. हे माझे घरमालक. मी नोकरीला होते ना, त्या गावातले."

"बरं बरं," सासूबाई म्हणाल्या, "मग साडी दिली असती तरी चाललं असतं."

आप्पांची आठवण काढली की मला आधी हसू येतं आणि लगेच पाठोपाठ राग येतो. इतका वैतागवाणा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

मी मूळची वरवंडची. दौंड तालुका, आमच्याकडं कॅनॉल. पाणी म्हणजे बटण दाबलं की येतं, अशा घरात मी वाढले. बी.एस्सी. ॲग्री झाले, कृषी सहायक म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या पलीकडच्या एका जिरायती गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या अर्ध्या लोकांकडं अजून माझा नंबर आहे. खोली मिळाली आप्पांच्या घरात, ओसरीला लागून. घरात दोघंच, आप्पा आणि आक्का. मुलगा सणसवाडीला कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि महिन्यातून एकदा येऊन 'जमीन विका' म्हणून जायचा.

पहिल्याच दिवशी माझी ट्रंक दारात असताना आप्पांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"वरवंडची."

"म्हंजी उसातल्या," ते आक्काला म्हणाले, जणू मला काही रोग आहे. "उसाला काय अक्कल लागती? पाणी सोडायचं आन् पारावर जाऊन बसायचं. म्हशीवानी वाढतोय त्यो." मग खिशातून एक हिरवा दाणा काढून माझ्या हातावर ठेवला. "चावा."

पौष महिना होता. मी चावला. तोंडात गोडसर पांढरं पाणी आलं.

"काय हाय?"

"ज्वारी."

"ती म्हसराला बी कळती. भरलीया कुठवर?"

मला सांगता आलं नाही. चार वर्षं कॉलेजात दाणे भरण्याच्या अवस्था घोकल्या होत्या, आकृत्या काढून मार्क मिळवले होते. पण दाणा दाताखाली धरून कुणी प्रश्न विचारला नव्हता. आप्पांनी मान हलवली. "मॅडम, तुम्ही बी अजून चिकात हायसा."

त्यानंतर वर्षभर ते माझी ओळख अशीच करून द्यायचे. "ह्या आमच्या नव्या मॅडम. चिकात हायत."

आप्पांच्या लेखी सगळी मनुष्यजात ज्वारीसारखी होती. काही माणसं चिकात, म्हणजे आत नुसतं पाणी. काही हुरड्यात. काही कडक भरलेली. आणि उरलेली पोचट. गावचे सरपंच शहरातल्या लोकांसाठी हुरडा पार्ट्या भरवायचे, बाजा टाकून, झोके बांधून. त्यांच्याविषयी आप्पांचं मत होतं की, "सरपंच हुरड्यावानी हाय. भाजून खायला झ्याक, पेरायच्या कामाचा न्हाई." हे ते सरपंचांच्या तोंडावर बोलायचे. सरपंच हसायचे, पण ते हसणं दातांपुरतंच असायचं.

दिसायला आप्पा उंच आणि वाळकुडे, डोक्यावर टोपी, चष्म्याला सुतळी. सदऱ्याच्या खिशात चष्म्याची डबी, आणि डबीत चष्म्याऐवजी सोनाराचा छोटा काटा. हा काटा त्यांनी कुठून आणला ह्यावर गावात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही आप्पांनीच सांगितलेल्या. दाणे भरायचे दिवस आले की हे कुणाच्याही रानात घुसायचे. विचारणं वगैरे काही नाही. कणसातला एक दाणा वरून, एक मधून, एक बुडातून काढायचा, चावायचा, थुंकायचा आणि मालकाला निकाल द्यायचा. एकानं चप्पल फेकून मारली होती. आप्पांनी चप्पल चुकवली आणि जाता जाता म्हणाले, "आठ दिसांत हिरीचं एक पाणी दी, न्हाईतर नुसता कडबाच कापशील." त्यानं पाणी दिलं नाही आणि कडबाच कापला. पण म्हणून आप्पांना कुणी मान दिला असेल तर शपथ. खरं बोलणाऱ्या माणसाचं खरं निघालं की लोकांना त्याचा जास्तच राग येतो.

राग यायला आणखी एक कारण होतं. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन फिरणारे. ह्या घरात पहिली पाभर धरली, पेरणी केली ती आप्पांनी, तीही गावाच्या कडेच्या, कुणाला नको असलेल्या रानात. जुनी जमीनदार घरं तेव्हा म्हणायची, "मेंढक्याची जवारी! ती काय भरायची?" हे बोलणारे म्हातारे कधीच गेले, पण आप्पांच्या डोक्यातून ते वाक्य गेलं नव्हतं. ते माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. आक्कानं सांगितलं, लसूण सोलता सोलता.

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आप्पा ओसरीवर ताटली घेऊन बसायचे आणि शंभर दाणे मोजायचे. मोजायची पद्धत खळ्यावरची. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ, दोन, तीन, चार..." असं वीसपर्यंत, की एक ढीग. असे पाच ढीग. मी एकदा विचारलं, एक म्हटलं तर काय बिघडतं? "एक म्हणलं की एकच येतंय," आप्पा म्हणाले. मोजताना मध्ये कुणी बोललं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आक्का बरोब्बर पाचव्या ढिगाला स्वयंपाकघरातून ओरडायची, "च्या टाकू का वं?" तीस-चाळीस वर्षं ती हे करत होती. तेवढीच तिची करमणूक.

शंभर दाणे एका पारड्यात आणि दुसऱ्यात नाणं. हल्लीचा बारका रुपया असतो ना, तो. उत्तम भरलेल्या ज्वारीचे शंभर दाणे त्या रुपयाला बरोब्बर भरतात. मी हसले होते, मग ऑफिसच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चोरून करून बघितलं. खरंच भरतात. त्याहून हलकी असली तर जुनी चार आण्याची नाणी होती, ती लावायची. दुष्काळात आणखी खाली, दहा पैसे. आणि पूर्वीचा जाडजूड रुपया? "त्याला आजवर काय बी भरलं न्हाई," आप्पा म्हणायचे, "त्यो देवाला ठिवलाय." मग माणसंही त्याच काट्यावर. तलाठी चार आण्याचा. स्वतःचा मुलगा, "बी रुपायाचं हुतं, पर पाण्याचा ताण पडला." मी विचारलं नाही माझं काय. विचारायची छाती नव्हती.

एवढं असूनही मी जे काही शिकले ते ह्याच माणसाकडून, हे कबूल करायला मला अजून जड जातं. कॉलेजातल्या सरांनी जे अडीच तास शिकवलं ते आप्पांनी बांधावर बसून तंबाखू मळेपर्यंत सांगितलं.

"हे बघा मॅडम. फुलोऱ्यात पाणी तुटलं तर पंगतीला माणसंच कमी येत्यात. कणसात दाणंच कमी धरत्यात. चिकात तुटलं तर पंगत बसल्याली हाय, पर वाढपी पळून गेलाय. दाणं तेवढंच, पर समदं अर्धपोटी उठत्यात. कळलं?"

"कळलं."

"न्हाई कळलं. म्होरं ऐका. वाढपी पळाला की धाट, म्हंजी ह्यो उभा दांडा, काय करतं? धाट सोताच्या अंगातली साखर काढून कणसाला दितं. हाय तेवढं समदं वर धाडतं. मग आतनं पोकळ हुतं, वाऱ्यानं खडखड वाजतं आन् येक दिस आडवं पडतं. लोकं म्हणत्यात रोग पडला. आरं, रोग नंतर पडतो! आधी त्येनं दिऊन टाकलंय."

आणि एवढं सांगून झाल्यावर, "आता हे कागदावर लिव्हून पगार घ्या."

ओलावा टिकवायचा त्यांचा उपाय एकच, कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती वरवर खरवडून भेगा बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे आमच्याकडं सगळेच म्हणतात. करत कुणी नाही. काळी जमीन फाटायला लागली की आप्पांचा जीव खालीवर व्हायचा. पीक कमरेवर आलं की बैल आत जात नाही, म्हणून ह्यांनी जुन्या सायकलचं पुढचं चाक आणि हँडल काढून त्याला माती खरवडायची पास जोडली होती. असं सायकल कोळपं बरेच जण करतात. पण आप्पांनी हँडलवरची घंटी ठेवली होती. साप-किरडू बाजूला व्हावं म्हणून. दुपारच्या उन्हात उभ्या ज्वारीतून नुसती घंटी ऐकू यायची, ट्रिंग ट्रिंग, माणूस दिसायचा नाही. नवा पोस्टमन एकदा घाबरून परत गेला होता.

तर त्या वर्षीची गोष्ट. गणपती गेले आणि पाऊस जो गेला तो गेलाच. परतीचा आलाच नाही. लोकांनी होत्या ओलीवर ज्वारी पेरली, उगवली, बरी वाढली. पण पोटरीत यायच्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या, वेळेला जमिनीला अशा भेगा पडल्या की माझी चप्पल एकीत अडकली. आणि त्याच सुमारास एका सकाळी आक्का माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, चला बरं. ह्येंला काय झालंय बघा."

आप्पा उभी ज्वारी उपटत होते. दोन ओळी सोडायच्या, तिसरी मुळासकट उपटायची, शेळ्यांपुढं टाकायची. बांधावर दहा-बारा माणसं जमून तमाशा बघत होती.

"आप्पा, हे काय?"

"वाढपी येकलाच हाय," ते घामानं निथळत म्हणाले. "पंगतच कमी करतोय."

पुस्तकात हा उपाय आहे, मी वाचला होता. पण उभं पीक उपटायला पुस्तक पुरत नाही, काळीज लागतं, किंवा डोकं फिरलेलं लागतं. आक्का म्हणाली, "पोट दाण्यानं न्हाई भरत, पोत्यानं भरतंय. पोतं कुठनं आणायचं?" मुलाचा सणसवाडीहून फोन आला, की दवाखान्यात दाखवून घ्या, मी सुट्टी काढतो. आप्पांनी फोन शेळीच्या कानाला लावला.

आणि काय सांगू, भरली हो! चारी बाजूंनी गावची ज्वारी चिकातच वाळली. कणसं लांबून बरी दिसायची, पण दाणा बघावा तर बाजरीएवढा, सुरकुतलेला, दहा पैशांचाही नाही. आणि मध्ये आप्पांच्या रानात टपोरी, मोत्यासारखी कणसं. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि बघून तसेच परत जायचे.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग वरून यादी आली.

पीक कापणी प्रयोग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दुष्काळ पडला की विम्याची भरपाई मिळायची का नाही, हे ठरवायला मंडळातल्या, म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या, काही निवडक रानांत दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा दोरीनं आखतात, तेवढाच कापतात, बडवतात, तोलतात. त्याची सरासरी ठरलेल्या पातळीच्या खाली आली तर सगळ्यांना विमा. त्या पातळीला उंबरठा म्हणतात. वर गेली तर कुणालाच नाही. कुणाचं रान निवडायचं ते आकडे वरून येतात, त्यात कुणाचा हात नसतो. आमच्या गावाला आलेला सर्व्हे नंबर आप्पांचा होता.

आणि तो प्रयोग करायचा होता मी.

दुसऱ्या दिवशी सरपंच ओसरीवर. आप्पांना पहिल्यांदाच 'आप्पासाहेब' म्हणाले. "साऱ्या गावाचं वाळलंय. येकट्या तुमचं भरलंय. तुमच्या रानात काटा चढला तर आमची सरासरी बी चढती. गावाला विमा न्हाई मिळायचा. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी?"

"आदल्या दिशी शेरडं सोडा रानात. चुकून गेली म्हणायचं."

आप्पा उठून उभे राहिले. "चाळीस वरसं तुमी म्हणत आलासा, मेंढक्याची जवारी भरत न्हाई. आता सरकारी कागदावर यायची वेळ आली, तर शेरडं घालू? चला, उठा."

बस्स. दुसऱ्या दिवसापासून गाव आप्पांशी बोलायचं थांबलं. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही, कारण ते आधीही ऐकून घेत नव्हतेच. भोगलं ते आक्कानं. गिरणीवाला तिचं दळण शेवटी ठेवायला लागला. आणि संक्रांतीला गावातल्या एकाही बाईनं तिला हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. ती नवं लुगडं नेसून, वाणाची सुगडं मांडून दिवस मावळेपर्यंत दारात बसली होती. मग उठून सुगडातले तीळ, हरभरे, बोरं शेळ्यांना घातली आणि भाकरी टाकायला बसली. मला आप्पांचा इतका राग आला होता म्हणून सांगू! आणि गावाचाही. आणि त्या वरच्या आकड्याचाही.

सरपंचांनी मला रस्त्यात गाठलं. "मॅडम, पावलं तर तुम्हीच टाकणार ना? लिंबाखाली जरा बारीक हाय जवारी. दोन पावलं लांब टाकली तर कोण बघतंय?" प्रयोगाचा तुकडा कोपऱ्यापासून अमुक पावलांवर धरायचा असतो, तो आकडाही वरूनच येतो. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं. आक्काचं तोंड बघून आलं. रात्री जेवताना मी आप्पांना अडखळत म्हणाले, की लिंबाखालचं रान...

आप्पांनी भाकरी खाली ठेवली. "पावलं सरळ टाका मॅडम. माझी जवारी लपवायची बी न्हाई आन् फुगवायची बी न्हाई."

प्रयोगाच्या दिवशी सगळं गाव बांधावर. मी, सरपंच, विमा कंपनीचा माणूस, सनकोट घातलेला आणि सारखं घड्याळ बघणारा. मुलगा सणसवाडीहून रजा टाकून आलेला. मी पावलं टाकली, सरळ टाकली, आणि खुंट्या नेमक्या रानाच्या मधोमध पडल्या, जिथं सगळ्यात उत्तम कणसं होती. बांधावरून एकच 'आई गं' ऐकू आलं. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

कणसं कापली, ताडपत्रीवर बडवली, सुपानं पाखडली. दाणा असा की उन्हात बघत राहावं. पिशवी काट्याला अडकवली आणि मी आकडा वाचला. मग परत वाचला. विमावाल्यानं काटा झटकून पुन्हा पिशवी अडकवली. आकडा तोच. उंबरठ्याच्या बराच खाली.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग मला कळलं आणि कपाळावर हात मारावासा वाटला. तिसरी ओळ! त्या पन्नास चौरस मीटरमधली एकतृतीयांश ज्वारी कधीच शेळ्यांच्या पोटात गेली होती. महिनाभर सारं गाव कणसं बघून धास्तावलं होतं, ओळी कुणी मोजल्याच नव्हत्या. सरपंचांनी नाही, मी नाही, बी.एस्सी. ॲग्री असून. आणि आप्पांनी तर नाहीच, कारण त्यांना आयुष्यात दाण्यापलीकडं काही दिसलंच नव्हतं.

बांधावर जत्रा उसळली. सरपंचांनी आप्पांना मिठी मारली. "आप्पा, देव हायसा तुम्ही!"

आप्पा मिठीत ताठ उभे. "काय लिव्हलं मॅडम?"

मी आकडा सांगितला.

"म्हंजी माझी जवारी भरली न्हाई, आसं लिव्हलं."

"तसं नाही आप्पा, एकूण वजन—"

"म्या सही करत न्हाई."

झालं! रानमालकाच्या सहीशिवाय कागद पुरा होत नाही. महिनाभर गाव ह्या माणसाची ज्वारी कमी भरावी म्हणून नवस करत होतं. आता कमी भरली तर हा सही करेना. सरपंच हात जोडायला लागले. मुलगा म्हणाला, "आप्पा, गप सही करा, लाज आणू नका." विमावाला म्हणाला, "मला अजून दोन गावं आहेत हो."

"शंभर दाणं मोजा," आप्पा म्हणाले. "समद्यांच्या म्होरं. रुपायाला भरलं तर कागदावर तसं लिव्हा. मग सही."

फॉर्मवर शेऱ्याचा एक रकाना असतो. मी म्हटलं, लिहीन.

आप्पा ताडपत्रीवर मांडी घालून बसले. राशीत मूठ घातली, न निवडता काढली. खिशातून डबी, डबीतून काटा. एवढी माणसं, पण वारा ऐकू यावा इतकं गप्प. "लाभ... एक, दोन, तीन..." वीस झाले, ढीग. "लाभ... एक, दोन..." पुन्हा ढीग. पाचव्या ढिगाला मी सवयीनं आक्काकडं बघितलं. ती चहाचं विचारेल म्हणून नव्हे, पण बघितलं. आक्काला ठसका लागला होता. तिनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडं मान वळवली.

एका पारड्यात दाणे, एकात बारका रुपया. काटा हलला, डुलला आणि मधोमध येऊन थांबला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, स्वतःची रानं वाळलेली असूनही. मी शेऱ्यात लिहिलं : 'शंभर दाण्यांचे वजन एक रुपयाच्या नाण्याइतके भरले. समक्ष पाहिले.' आप्पांनी ते दोनदा वाचलं, पहिल्यांदा चष्म्याशिवाय आणि मग चष्मा लावून. मग सही केली, लांबच लांब, रकान्याच्या बाहेर गेलेली.

ते दाणे त्यांनी पुडीत बांधून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बायका आक्काकडं हळद-कुंकू घेऊन आल्या. रथसप्तमी कधीच होऊन गेली होती, पण आल्या.

विमा गावाला मिळाला. आणि पुढच्या हंगामात बियाणं कुणाकडंच नव्हतं, पोचट दाणा काय पेरणार? सगळे आप्पांच्या दारात. आप्पांनी दिलं, पण अट घातली, की प्रत्येकानं ओसरीवर बसून आपापले शंभर दाणे मोजायचे. सरपंच मांडी घालून बसलेले मी ह्या डोळ्यांनी पाहिले. त्यांनी "एक" म्हणून सुरुवात केली तशी आप्पांनी त्यांच्या हातावर फटका मारला. "लाभ म्हण! आन् लाभानंतर दोन! खळं बघितलंस का कवा?"

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, बाटली आली. आप्पांनी मंडपात सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "आता भरत आल्या मॅडम." मला रडू आलं. मेकअप गेला तो गेलाच.

गेल्या वर्षी आप्पा गेले. शेवटी शेवटी अगदी वाळले होते. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात उघडून त्यांनी दोन बोटं आत फिरवली, दाणा आहे का बघावं तशी.

मागच्या महिन्यात घर बदलताना बाटली हाती लागली. किडा लागलाय का बघावं म्हणून मेण फोडलं, दाणे ताटात ओतले. एकही किडलेला नव्हता. आणि कसं कोण जाणे, मोजायला बसले. लाभ, दोन, तीन...

एकशे पाच.

परत मोजले. वीस-वीसचे ढीग करून मोजले. पाच ढीग आणि वर पाच दाणे. आणि मग माझ्या कानात ती ताडपत्री, तो वारा आणि तो आप्पांचा आवाज परत ऐकू आला. लाभ... एक, दोन, तीन. प्रत्येक ढिगाला लाभ वेगळा आणि एक वेगळा, म्हणजे वीसच्या ढिगात एकवीस दाणे. माझ्या शेजारी बसून, साऱ्या गावाच्या, विमा कंपनीच्या आणि सरकारच्या डोळ्यांदेखत! दुष्काळानं आप्पांनाही सोडलं नव्हतं. थोडंसंच मारलं होतं, शंभराला पाच दाण्यांइतकं. आणि ज्या माणसानं गावासाठी दोन पावलं वाकडी टाकू दिली नाहीत, त्यानं एवढ्यासाठी माझ्याकडून सरकारी कागदावर खोटं लिहून घेतलं होतं. वर बाटलीवर माझीच साक्ष!

मी तावातावानं आक्काला फोन लावला. "आक्का, एकशे पाच आहेत! एकशे पाच!"

पलीकडून आधी शेळी ओरडली.

"मला तवाच ठावं हुतं, बाई," आक्का म्हणाली. "तेवढं मोजणं ऐकत तर जल्म गेला माजा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं त्यात? कणसाला उणं पडलं की धाट आपल्या अंगातलं दितं, ह्ये त्येच सांगायचं न्हवं का तुला? पाच दाणं धाटानं दिलं म्हण, आन् झाकण लाव बाटलीला."